बोट गेलं तर ईएसआयकडून महिन्याला किती येतं, हिशोब कसा बसतो

वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला बारा वर्षं काढलीत, त्यातली निम्मी टाइम ऑफिसला, त्यामुळं हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच की भौ, बोट गेलं तर ईएसआयवाले (कामगारांचा सरकारी विमा) महिन्याला किती देतात. आणि विचारणारा बहुतेक वेळा हाताला पट्टी बांधूनच उभा असतो. म्हणून दोन्ही हात धड असतानाच एकदा समजून घ्या, अवघड काही नाही, पाढे येत असले की झालं.

आधी बघा की तुम्ही ईएसआयमधे आहात का. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असला (अपंग कामगाराला २५,०००) तर कंपनीनं नाव टाकायलाच पाहिजे. तुमच्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे ०.७५ कापतात, कंपनी वरून ३.२५ टक्के भरते. पगार स्लिपवर ईएसआय लिहून जे शे-दीडशे रुपये गेलेले दिसतात ना, तेच हे. पोरं त्याला उगं शिव्या घालतात.

आता हिशोब. अपघातात पैसे दोन टप्प्यात येतात, आणि लोकांचा सगळा घोळ इथंच होतो.

पहिला टप्पा म्हणजे हात बरा होईपर्यंत घरी बसायचे पैसे, टीडीबी म्हणतात. रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के, आणि बरं होईस्तोवर, दिवसाची कमाल मर्यादा नाही. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस तरी काम करता येत नाही असं पाहिजे. कामाला लागून किती दिवस झाले याचा इथं संबंध नाही, पहिल्याच दिवशी प्रेसमधे बोट गेलं तरी हक्क आहे.

दुसरा टप्पा कायमचा, पीडीबी, आपल्याकडं सगळे ‘ईएसआयची पेन्शन’च म्हणतात. डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड बसतं आणि कमवायची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. मग त्या ९० टक्क्यांच्या रकमेवर हा टक्का लावायचा, जे येईल ते दर महिन्याला, जिवंत आहे तोवर.

आकडे टाकून बघू. समजा १८,००० पगार, महिन्याचे ३० दिवस धरले की रोज ६००. त्याचे ९० टक्के ५४०. घरी बसलात तर रोजचे ५४० म्हणजे महिन्याला १६,२००. आता तर्जनी पूर्ण गेली असली तर कायद्याच्या तक्त्यात तिला १४ टक्के आहेत, ५४० चे १४ टक्के ७५ रुपये ६० पैसे, गुणिले ३०, महिन्याला २,२६८ रुपये. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, म्हणजे ४,८६०. मधलं बोट १२, अनामिका नाहीतर करंगळी प्रत्येकी ७. एका हाताची चारी बोटं गेली तर ५०. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळ्यांची नजर गेली तर १०० टक्के, तेव्हा पूर्ण १६,२००. बोट अर्धंच गेलं तर टक्का कमी होतो, तर्जनीचं नुसतं वरचं पेर असलं तर ९. तक्त्यात नसलेली इजा, म्हणजे मणका वगैरे, असली तर बोर्ड तपासून ठरवतं.

करंगळीला ७ टक्के, हसू येतं राव, पण ज्याची गेली त्याला विचारा नट पकडताना काय होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायलोय ती. वरच्या हिशोबात १८,००० कुठून आले? हातात येतो तो पगार ईएसआयला माहीत नसतो, ज्या पगारावर हप्ता भरलाय तेवढाच त्यांना दिसतो.

माझा मावसभाऊ रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहायचा, ठेकेदाराकडून एका शॉपमधे कामाला. महिन्याला १८,००० सुटायचे, त्यातले १२,००० बँकेत आणि ६,००० पाकिटात रोख. पाकीट मिळतंय म्हणून गडी खुश. ऑगस्टात सेकंड शिफ्टला उजव्या हाताची तर्जनी गेली, मुळापासून. मी त्याच्याच हजेरी कार्डाच्या मागं पेननं हिशोब मांडून दिला होता, २,२६८ लिहून खाली दोन रेघा पण ओढल्या होत्या. प्रत्यक्षात बसले १,५१२. कारण कागदावर पगार १२,०००, रोजचे ४००, त्याचे ९० टक्के ३६०, त्याचे १४ टक्के ५० रुपये ४० पैसे. घरी बसला तेव्हा सुद्धा महिन्याला १६,२०० च्या जागी १०,८००. महिन्याचे ७५६ रुपये गेले आणि ते जन्मभर जातच राहणार, पाकीट देणारा ठेकेदार तर दिवाळीनंतर दिसला पण नाही. कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे.

म्हणून आजच उमंग ॲपवर नाहीतर ईएसआयच्या पोर्टलवर तुमचा दहा आकडी आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) टाकून बघा, दर महिन्याला पगार किती आणि दिवस किती दाखवलेत. दिवस पण बघा, कारण सरासरी काढताना एकूण पगाराला जितक्या दिवसांचा पगार दाखवलाय तितक्यानं भागतात. बिनपगारी खाडे त्यात येत नाहीत, त्यामुळं गावाकडं पेरणीला गेलो म्हणून दर कमी होईल ही भीती नको.

अजून एक खुबी. सरासरी अपघाताच्या महिन्याची नसते, मागच्या सहामाहीची असते. जुलै ते डिसेंबरमधे अपघात झाला तर त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चचा पगार बघतात, जानेवारी ते जूनमधे झाला तर एप्रिल ते सप्टेंबरचा. एप्रिलमधे वाढ झाली आणि ऑगस्टात बोट गेलं तर वाढीचा उपयोग शून्य. नवा माणूस असला आणि मागची सहामाहीच नसली तर मग अपघाताच्या वेळचा पगार धरतात.

अपघात झाला की काय करायचं ते पटकन सांगतो. कंपनीच्या अपघात रजिस्टरला त्याच दिवशी नोंद, आणि कंपनीनं ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट पाठवायचा, त्याला फॉर्म १२ म्हणतात, त्याची कॉपी मागा. ‘घरी नळाच्या कामात लागलं असं लिहू, झंझट नको’ असं कुणी म्हणलं तर सरळ नाही म्हणा, कारण मग ती कामावरची इजा राहत नाही आणि पेन्शनचा विषयच संपतो. रस्त्यात घडलं तरी बघा, घरून कामावर जाताना किंवा सुटून येतानाचा अपघात पण कायद्यात धरतात, वेळ आणि रस्त्याचा मेळ दाखवावा लागतो. उपचार खाजगीत चालू असले तरी सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरकडून घेत राहा, त्यावरच पैसे निघतात. टीडीबी चालू असताना कामावर जाऊ नका, हजेरी लागली की त्या दिवसाचे पैसे कट. आणि या काळात कामावरून काढायला कायद्यानं बंदी आहे.

बोर्डाचा टक्का कमी वाटला तर अपील करता येतं, पण मुदत असते, कागद हातात पडल्या पडल्या हालचाल करा. बोर्ड कधी कधी आधी तात्पुरता टक्का देतं आणि नंतर परत बोलावतं, तारीख चुकवू नका. जिल्हा रुग्णालयातून काढलेल्या अपंग सर्टिफिकेटवरचा टक्का इथं चालत नाही बरं का, तो वेगळा, हा वेगळा.

लोक सगळ्यात जास्त हे विचारायलेत की पेन्शन चालू झाली म्हणजे नोकरी सोडावी लागते का. अजिबात नाही. पगार पण घ्या, पेन्शन पण घ्या.

कामाशी संबंध नसलेलं आजारपण असलं तर हिशोब निराळा. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, आणि त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता भरलेला पाहिजे. टीबी, कॅन्सर, लकवा असल्या ठरलेल्या ३४ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बँकेतून वर्षाला २० रुपये कापतात ती सुरक्षा विमा योजना एकरकमी देते, महिन्याला काही नाही. पीएफवाल्यांची अपंगत्व पेन्शन असते पण ती कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तरच, कमीत कमी १,००० रुपये.

मावसभाऊ आता पॅकिंगला आहे, दुसरीकडं. तिथं जॉइन व्हायच्या आधी त्यानं एकच गोष्ट विचारली, पूर्ण पगार बँकेत का अर्धा पाकिटात.