स्कायरिम: मॉड काढला तरी जांभळे कपडे जात नव्हते, ते असे गेले

स्कायरिम स्पेशल एडिशन या गेममध्ये चिलखतांचा एक मॉड (गेमात बदल करणारी बाहेरची भर) हाताने 'डेटा' फोल्डरमध्ये टाकला होता. तो डिलीट केल्यावर गेममधल्या व्हाइटरन शहराचे पहारेकरी जांभळेजर्द दिसू लागले.

गेम जिथून घेतला त्या स्टीम ॲपचं व्हेरिफाय (फायलींची तपासणी) चालवलं. ते मूळ फायली तपासतं, बाहेरून आलेल्या काढत नाही. नवीन गेम सुरू केला, तरी तेच. डोकं पार उठलं.

मॉडचे टेक्स्चर (वरचे रंग-पोत) गेले होते, पण 'मेशेस'मधल्या निफ फायली (वस्तूंचे आकार) मागे राहिल्या होत्या. सुटी फाइल गेमच्या बीएसएवर (मूळ फायलींच्या गठ्ठ्यावर) भारी पडते, म्हणून गेम त्याच निफ वापरत होता आणि टेक्स्चर न सापडल्याने जांभळं दाखवत होता.

आधी 'माय गेम्स'मधले सेव्ह बाजूला कॉपी करा. स्टीममधून गेम अनइन्स्टॉल करा. मग स्टीमॲप्सच्या 'कॉमन'मध्ये उरलेलं गेमचं फोल्डर स्वतः उडवा (हे राहिलं तर मुसळ केरात). पुन्हा इन्स्टॉल करून एकदा लाँचरमधून चालवा, म्हणजे आयएनआय (सेटिंगच्या) फायली तयार होतात. त्यानंतर मॉड ऑर्गनायझर २ (मॉड सांभाळणारा प्रोग्राम) इन्स्टॉल करा, गेमच्या फोल्डरबाहेर. मॉड त्यातूनच टाका, गेमही त्याच्याच रन बटणाने सुरू करा. थेट स्टीममधून केला तर मॉड लागतच नाहीत. दोन मॉड भिडले तर डाव्या यादीतला खालचा जिंकतो.

एसकेएसईचा (काही मॉडना लागणारी जोडणी) लोडर आणि डीएलएल फायली मात्र आजही हातानेच टाकतो, गेम सुरू करणाऱ्या एक्सई फाइलशेजारी. तिचं व्हर्जन गेमच्या व्हर्जनशी जुळतंय ना, तेवढं बघा.