फोन हॅक झालाय का? आधी हे तपासा

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात असतो. तेव्हा फोन तापला तर ते ऊनच समजा. पण रात्रभर उशाशी नुसता पडलेला फोन गरम लागतोय, सकाळपर्यंत अर्धी बॅटरी संपलीय, तर शंका घ्या.

आमच्या रावेरच्या मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. नंबर ओळखीचा, म्हणून उघडली. फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ होतं, म्हणजे ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप होतं. दुसऱ्या दिवशी तीच ‘पत्रिका’ मामांच्या नंबरवरून साऱ्या भाऊबंदांना गेली आणि न मागितलेले ओटीपी यायला लागले.

सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी उघडा. आपण न टाकलेलं काही दिसतंय का? मग ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ बघा, हे अजिबात टाळू नका. ही परवानगी मिळालेलं अ‍ॅप तुमची स्क्रीन वाचतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपमधले ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि फोनच्या कॉल सेटिंग्जमधलं कॉल फॉरवर्डिंगही पाहून घ्या. तिथे अनोळखी कॉम्प्युटर किंवा नंबर असेल तर लगेच काढा.

अ‍ॅप निघत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’मधून त्याची परवानगी बंद करून पुन्हा काढून बघा. तरीही शंका राहिली तर फोटो वेगळे ठेवून फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. पासवर्ड मात्र दुसऱ्या, चांगल्या फोनवरूनच बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. त्यात एक तासही घालवू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.