स्थायी समितीचं डॉकेट वाचताना आणि उपसूचना देताना

नगरसेवकाची भाषणं गाजतात सर्वसाधारण सभेत, पण निविदा मंजूर होतात स्थायी समितीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे ही समिती १६ जणांची. पहिल्या वर्षाअखेर निम्मे सदस्य चिठ्ठ्या टाकून बाहेर पडतात. (मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.)

विषयपत्रिका आली की नगरसचिव कार्यालयातून विषयाचं पूर्ण डॉकेट, म्हणजे प्रस्ताव आणि त्याची सगळी कागदपत्रं, घ्या. समजा, तुमच्या प्रभागातल्या एका गल्लीत पावसाळी गटार टाकायचंय. आधी अर्थशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं ज्या खात्यातून खर्च होणार ते, बघा: तरतूद किती, चालू कामांचं दायित्व वजा जाता शिल्लक किती. वर्गीकरणाने, म्हणजे दुसऱ्या कामाची तरतूद वळवून, पैसे आणले असतील, तर ते कुणाच्या कामातून उचलले हे विचारा. नाहीतर ज्याच्या कामाचे पैसे गेले, तो सदस्य सभेतच विरोधाला उभा राहतो.

मग पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज. पाइपचा व्यास, लांबी, चेंबर किती, आणि रस्ता पूर्ववत करण्याची बाब धरलीय का? ती नेमकी विसरली जाते, आणि पावसाळाभर लोक तुमच्या नावाने बोटं मोडतात. ४० लाखांच्या कामाला ३० लाखांची निविदा आली, म्हणजे २५ टक्के बिलो, अंदाजापेक्षा कमी. एवढ्या स्वस्ताईवर खुश होण्याआधी दर पृथक्करण (ठेकेदाराने प्रत्येक दर कसा काढला त्याची फोड) आणि जादा सुरक्षा अनामत घेतलीय का, ते तपासा.

बदल हवा असेल तर उपसूचना, म्हणजे प्रस्तावातली दुरुस्ती, लेखी द्या, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसकट. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलंत तर काहीच होत नाही. कुठल्या विषयातल्या कुठल्या शब्दांऐवजी काय वाचावं, ते लिहा. इथे एक मेख आहे. ‘३०० मिमीऐवजी ४५० मिमी’ अशी उपसूचना दिसायला साधी, पण तिने पूर्वगणनपत्रकच बदलतं. आलेली निविदा मग त्या कामाची राहत नाही. अशा वेळी विषय तहकूब करून प्रशासनाकडून सुधारित प्रस्ताव मागवा. ‘दफ्तरी दाखल’ चुकूनही म्हणू नका, त्याने विषय संपतो.

गटाराच्या विषयाला उद्यानाची उपसूचना चिकटवणं ही जुनी खोड. विसंगत उपसूचना मंजूर झाली तरी आयुक्त ती अमलात आणत नाहीत, आणि प्रकरण कलम ४५१ खाली शासनाकडे विखंडनाला, म्हणजे ठराव रद्द करायला, जाऊ शकतं. बहुमत तिथे कामाला येत नाही.

विरोध करायचा असेल तर नुसता आरडाओरडा नोंदीत येत नाही. मतदान मागा, नाव नोंदवून घ्या. कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर नगरसेवकपदच धोक्यात येतं, कलम १० वाचून ठेवा.

करांचे दर सर्वसाधारण सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. प्रभागातली कामं अंदाजपत्रकात घालायची तर मार्चमध्ये धावाधाव करून उपयोग नाही. अंदाजपत्रक आयुक्तांकडे तयार होत असतानाच क्षेत्रीय कार्यालयातून पूर्वगणनपत्रक करून घ्या. नुसतं ‘गटार करणे’ लिहून गेलेल्या कामाला एक लाखाची टोकन, म्हणजे नाममात्र, तरतूद पडते.

पुढच्या सभेत कार्यवृत्तांत कायम करण्याआधी तुमच्या उपसूचनेचा शब्द न् शब्द ताडून बघा. मग ठराव क्रमांक घेऊन कार्यकारी अभियंत्याकडे कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायच्या आदेशाची) तारीख विचारा.