अंगावरचं दूध काढून ठेवताय? उन्हाळ्यात या चुका टाळा

रजा संपून मी शाळेत रुजू झाले तेव्हा एप्रिल होता. सकाळची शाळा, परभणीहून जिंतूरची पहिली एसटी. पहाटे दूध काढून झाकणाच्या वाटीत फ्रीजमध्ये ठेवलं आणि निघाले. दुपारी परतले तर आत्याबाईंनी ते पातेल्यात ओतून, चांगली उकळी आणून लेकराला पाजलेलं. त्यांचं काय चुकलं? दूध न तापवता लेकराला द्यायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं. सांगायला हवं होतं ते मी.

एकदा उकळलेलं पाजलं म्हणून बाळाला अपाय होत नाही. पण आजाराशी लढणारे घटक उकळीत नष्ट होतात, आणि त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. वाटी कोमट पाण्यात धरा, एक थेंब मनगटावर टाकून बघा, मग बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा. मायक्रोवेव्ह तर नकोच. त्यात दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं.

बाहेर किती वेळ?

काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते चार तास 25 अंशांपर्यंतचे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. कूलरसमोर किंवा माठाला टेकवून ठेवलेलं दूध सुरक्षित नसतं. काढलं की लगेच फ्रीजमध्ये.

फ्रीजमध्ये 4 अंशांवर ते चार दिवस टिकतं. पण दारातल्या कप्प्यात ठेवू नका. उन्हाळ्यात गार पाण्यासाठी ते दार दिवसात पन्नासदा उघडतं. आत, अगदी मागे ठेवा. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या छोट्या खणात दोन आठवडे धरा. वेगळ्या दाराचा फ्रीजर असेल तर सहा महिने.

लाईट गेली तर

दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. खरी अडचण असते ती आपण घरी नसताना लाईट जाऊन परत आली तर. त्यासाठी मी बर्फाच्या खणात एक वाटी ठेवते: पाणी गोठवायचं आणि वर रुपयाचं नाणं. परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात खाली रुतलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, दूधसुद्धा. ते टाकायचं. जीव तुटतो, मला ठाऊक आहे, तरी टाकायचं. डोळ्यांदेखत वितळलेलं मात्र फ्रीजमध्ये 24 तास चालतं, फक्त पुन्हा गोठवू नका.

चांगलं दूध फेकू नका

वर सायीसारखा थर आला की घरातले म्हणतात, फाटलं. फाटलेलं नसतं, स्निग्धांश वर आलेला असतो. वाटी हलकेच गोल फिरवा, मिसळून जातं. साबणासारखा वास आला तरी घाबरू नका. लायपेज नावाचं विकर दुधातच असतं, त्याचा तो वास. आंबूस वास आला तर मात्र देऊ नका.

गार दुधात ताजं कोमट दूध ओतू नका, आधी वेगळं गार होऊ द्या. एका वाटीत 60 मिलीच ठेवा, झाकणावर तारीख-वेळ लिहा, जुनं आधी वापरा. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांत संपवा, उरलं तर टाका.

बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर हे आकडे धरू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि शाळेत काढलेलं दूध? गोठवलेल्या जेलच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत ते 24 तास टिकतं. एसटीत मात्र बॅग मांडीवर घ्या. इंजिनाजवळच्या सीटखाली चांगलंच तापतं.