टाइट एंड कधी उचलायचा? आधी सेटिंग्ज उघडा

आमच्या न्यू जर्सीच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आपल्या टीममध्ये घ्यायचे आणि त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायचे) बारा टीम आहेत. त्यातले निम्मे लोक अजूनही टाइट एंड (पास झेलणारा आणि समोरच्यांना अडवणाराही खेळाडू) म्हणजे शेवटी उरेल तो, असंच धरून चालतात. चालोत बापडे, माझं बरंच आहे! तुम्ही मात्र ड्राफ्टला, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडायला, बसण्याआधी लीगच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एका झेलाला किती पॉइंट आहेत ते बघा.

पूर्ण पीपीआरमध्ये (पॉइंट पर रिसेप्शन, म्हणजे झेलामागे पॉइंट) झेलाला एक, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा. काही लीगमध्ये टाइट एंडच्या झेलाला दीड देतात, तो टीई प्रीमियम. अर्ध्या पॉइंटने काय होतंय, असं वाटतं ना? २०२४ चा ब्रॉक बावर्स घ्या. रेडर्सकडून पहिलाच सीझन, ११२ झेल, १,१९४ यार्ड, ५ टचडाउन. एवढ्याचेच साध्या पीपीआरमध्ये २६१ च्या वर पॉइंट होतात. प्रीमियममध्ये त्यावर आणखी ५६, म्हणजे सतरा सामन्यांत दर आठवड्याला तीनहून जास्त. तेवढ्यावर सामने फिरतात.

आता फरक काढा. गेल्या सीझनचा बाराव्या नंबरचा टाइट एंड सामन्याला किती देत होता ते बघा. बारा टीमना एकेक धरला, तर तेवढं कुणालाही मिळतंच. तुमच्या मनातला खेळाडू त्याच्यावर जे जास्त देतो, ती त्याची खरी किंमत. वाइड रिसीव्हर (मुख्यतः पास झेलणारा खेळाडू) प्रत्येकाला तीन खेळवायचे असतील, तर तिथे छत्तिसावा धरा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुसऱ्या फेरीत कोणाला घ्यायचं यावर फारसा वाद उरत नाही.

खेळाडू निवडताना टचडाउनला भुलू नका, टार्गेट, म्हणजे त्याच्याकडे किती पास फेकले जातात, ते बघा. ट्रे मॅकब्राइडला २०२४ मध्ये पास झेलून फक्त दोन टचडाउन मिळाले, पण कार्डिनल्सनी त्याच्याकडे १४७ पास फेकले आणि त्याने १११ झेलले. असा माणूस पडत्या आठवड्यातही हात देतो. उलट ज्याचे झेल चाळीस आणि टचडाउन आठ, त्याच्यावर पुढच्या वर्षी पैज लावायला मी तयार नाही.

बावर्स, मॅकब्राइड यांच्यासारखे गेले, की घाई करू नका. मधल्या फेऱ्यांत केवळ ओळखीचं नाव दिसलं म्हणून टाइट एंड घेणं मला पटत नाही. तिथे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), रिसीव्हर घ्या. २०२३ मध्ये लायन्सचा सॅम लापोर्टा उशिराच्या फेऱ्यांत मिळत होता, आणि नवखा असून त्याने ८६ झेल आणि १० टचडाउन केले. शेवटी असाच कोणीतरी तरुण, भरपूर रूट धावणारा, म्हणजे पास घ्यायला सतत पुढे पळणारा, बघा. नाही जमला तर वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांतून, बदला.

बदलायचं ते वेळेत बदला. २०२४ ला गणेश चतुर्थी शनिवारी होती आणि सीझनचा पहिला रविवार दुसऱ्याच दिवशी. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन आणि दुपारी एकचे सामने, दोन्ही एकाच वेळी! अशा दिवशी लाइनअप आदल्या रात्रीच लावून मोकळं व्हावं.

बेंचवर दुसरा टाइट एंड बसवून जागा अडवू नका. प्रीमियम लीग असेल आणि फ्लेक्समध्ये (एकाहून जास्त प्रकारचे खेळाडू चालतात त्या जागेवर) टाइट एंड चालत असेल, तरच दोन ठेवा, आणि मग दोघांनाही खेळवा.