कचेरीच्या खिडकीपाशी ताठ मानेने

सरकारी कचेरीत पाऊल टाकलं की भल्याभल्यांचा आवाज बारीक होतो. "साहेब, जरा बघता का..." अशी अजिजी नको. आधी नमस्कार, मग थेट काम: "उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज द्यायचाय. कागदपत्रं जोडली आहेत." एवढं बोलून गप्प राहा. समोरचा कागद चाळत असताना ती शांतता आपल्याला सोसवत नाही, आणि आपण न विचारता घरची रामकहाणी सांगत सुटतो. ती शांतता मोडायची घाई करू नका.

कोणी खेकसलंच, तर आवाज चढवण्याऐवजी आणखी सावकाश बोला. "काय कमी आहे ते सांगा, लिहून घेतो," म्हणा आणि खरंच पेन काढा. खिडकीपलीकडचा माणूसही सकाळपासून गर्दी झेलत असतो, त्याचाही मान राखा.

अर्जाची पोच मात्र घेतल्याशिवाय हलू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. मुदतीचा तक्ता कचेरीत लावलेला असायला हवा. आत शिरताच तो वाचून घ्या. मुदत टळली, तर ३० दिवसांच्या आत वरिष्ठांकडे प्रथम अपील करता येतं.