दोन आणि चारवरची टाळी

अकरा वर्षं मी तबला शिकलो. सांगलीला गुरुजींकडे कायदे आणि रेले या तबल्याच्या रचना घोटल्या, विशारद झालो, नोकरीसाठी मुंबईला आलो आणि सत्ताविसाव्या वर्षी पियानोसमोर बसलो ते जॅझ शिकायचं म्हणून. त्याला आता नऊ वर्षं झाली. मला जे कळायला फार वेळ लागला ते नव्याने येणाऱ्याला, विशेषतः आपल्याकडचं संगीत शिकून जॅझकडे वळणाऱ्याला, लवकर कळावं म्हणून हे लिहितो आहे.

माझा पहिला धडा टाळीचा होता. माझे सर मूळचे गोव्याचे, वांद्र्यात राहायचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी एक जुनी रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, ‘चार मोज. टाळी दोनवर आणि चारवर.’ माझा हात पुन्हापुन्हा एकवरच पडायचा, कारण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, वजन द्यायचं हे अंगात मुरलेलं. सरांनी मला मुद्दाम एकवर टाळी द्यायला लावली. तीच रेकॉर्ड लगेच कवायतीसारखी ताठ वाटायला लागली. दोनवर सरकलो की पुन्हा डुलायची. तीन आठवडे मी लोकलमध्ये मांडीवर बोटांनी तेवढंच केलं. तुम्हीही हेच आधी करा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा, त्याचा ठोका म्हणजे ‘दोन’ आणि ‘चार’ असं समजा, एक आणि तीन स्वतःच्या मनात धरा आणि त्यावर एखादी साधी चाल गुणगुणा. हे जमल्याशिवाय कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, पुस्तकाला हात लावू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर स्विंग. एका मात्रेत दोन सूर बसवायचे असतील तर आपण दुगुनीसारखे सारखे भाग करतो. जॅझमध्ये पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड पडतो. ढोबळमानाने मात्रेचे तीन भाग कल्पायचे, दोन पहिल्या सुराला आणि एक दुसऱ्याला. तबल्याच्या माणसाला तिस्र जात आठवेल, मलाही आठवली, आणि म्हणून मी कित्येक महिने दादऱ्यासारखं उड्या मारत वाजवत राहिलो. लय वाढली की ते दोन भाग जवळजवळ सारखे होतात. सावकाश लयीत प्रत्येक वादकाचा हिशेब वेगळा असतो. कागदावर हे उतरत नाही, ऐकूनच हाती लागतं. सर कोकणीत म्हणायचे, ‘आयक. परत आयक.’

माझी सगळ्यात मोठी चूक आवर्तनाची. जॅझचं आवर्तन म्हणजे कोरस. ब्लूज हा जॅझच्या मुळाशी असलेला गाण्याचा प्रकार, त्याचा कोरस बारा बारांचा, प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर, पुढचे दोन मध्यमाच्या, मग दोन परत षड्जाच्या. नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जाचे. हे पाठ व्हायला पाच मिनिटं लागतात, कानात बसायला मला दीड वर्ष लागलं. शिकायला लागून आठ महिने झाले होते तेव्हा एका रविवारच्या जॅम सेशनला, म्हणजे वादक जमून आयत्या वेळी वाजवतात तिथे, गेलो. माझी पाळी आली, मी वाजवत गेलो आणि शेवटी एक स्वच्छ तिहाई, तीनदा येणारा तुकडा, बांधून माझ्या हिशेबाच्या पहिल्या बारवर उतरलो. बाकीचे तेव्हा नवव्या बारमध्ये होते. बेसवादकाने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढचा कोरस सुरू होताना मोठ्याने ‘एक’ म्हटलं. त्या भल्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी येऊन विचार करत बसलो तेव्हा डोक्यात लेहरा आला, तबल्याला साथ म्हणून पुन्हापुन्हा वाजणारी धून. तबल्याच्या सोलोत आपण सतत मात्रा मोजत नाही, लेहरा ऐकत राहतो, आणि आवर्तनात आपण कुठे आहोत हे त्याचे सूरच सांगतात. जॅझमध्ये ते काम कॉर्ड करतात. मी मात्रा मोजत होतो आणि लेहरा ऐकतच नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून सोलोचा सराव थांबवला आणि रेकॉर्डबरोबर फक्त डाव्या हाताने तळाचा एकेक सूर वाजवत राहिलो. पाचव्या बारला मध्यम आला की पोटात काहीतरी हलतं, नवव्याला पंचम आला की घर जवळ आल्यासारखं वाटतं. तसं वाटायला लागलं आणि मोजणं आपोआप गळून पडलं.

ब्लूजची गाणी याच आकाराची. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी वेगळी ओळ. प्रत्येक ओळीला चार बार, पण शब्द साधारण दोन बारांतच संपतात. उरलेल्या जागेत गिटार किंवा कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य उत्तर देतं. भजनात बुवा म्हणतात आणि टाळकरी झेलतात तेव्हा जी ओढ तयार होते, तीच इथे दोन आवाजांत आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या कामाच्या गाण्यांत आणि चर्चमधल्या गाण्यांत हे सवाल-जवाब होतेच, ब्लूजमध्ये ते तिथूनच आले.

ब्लूजच्या गंधाराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या कानाचा तिथे फायदाही होतो आणि घोटाळाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. मला वाटलं, जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, म्हणजे हे ओळखीचं आहे. पण जोगमध्ये शुद्ध आरोहात आणि कोमल अवरोहात, दोघांची घरं वेगळी. ब्लूजमध्ये खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार चालू असतो आणि त्याच क्षणी वर गळा त्याच्यापेक्षा उतरलेला गंधार लावतो. ते घर्षण हाच त्याचा प्राण आहे. पियानोवर मधला सूर नाही, पेटीसारखीच अडचण. म्हणून पियानोवाले कोमलवरून शुद्धवर बोट घसरवतात किंवा दोन्ही पट्ट्या एकत्र दाबतात. राग म्हणून याकडे बघू नका. वर्ज्य स्वर शोधत बसलात तर वाट चुकेल.

इतिहास मी सुरुवातीला टाळला. परीक्षेपुरता वाचायचा विषय वाटला. पण यातली प्रत्येक गोष्ट अशी का आहे हे न्यू ऑर्लीन्सशिवाय कळत नाही. मिसिसिपीच्या मुखाजवळचं हे बंदर फ्रेंचांनी १७१८ साली वसवलं, मग ते स्पेनकडे गेलं आणि १८०३ साली अमेरिकेने विकत घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक ठिकाणी गुलामांना ढोल वाजवायला बंदी होती. इथे १८१७ साली नगरपालिकेने त्यांच्या रविवारच्या जमण्यासाठी एकच जागा ठरवून दिली, तीच काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली जाते. तिथे ढोल वाजत, लोक रिंगण धरून नाचत. गावात ब्रास बँडही होते. प्रेतयात्रेत जाताना संथ धून आणि दफन करून परतताना उसळती चाल, ही तिथली रीत आजही पाळली जाते. वाद्यांच्या मागून नाचत चालणाऱ्या लोकांना ‘सेकंड लाइन’ म्हणतात. दोन आणि चारवरची टाळी मला खऱ्या अर्थाने त्या चालणाऱ्या लोकांची चित्रफीत पाहून समजली, पायांकडे बघून.

त्याच गावात क्रिओल लोक होते, मिश्र वंशाचे, फ्रेंच बोलणारे. त्यांच्यातले बरेच वादक युरोपीय पद्धतीने, नोटेशन वाचून शिकलेले. गावाच्या वरच्या भागातले अनेक कृष्णवर्णीय वादक कानावर वाजवणारे. १८९० साली लुईझियानात रेल्वेचे डबे वंशानुसार वेगळे करणारा कायदा आला. त्याला आव्हान देणारे होमर प्लेसी न्यू ऑर्लीन्सचेच क्रिओल होते, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. गोऱ्यांच्या कायद्याने दोघांनाही एकाच बाजूला ढकललं. कामासाठी ते एकमेकांच्या बँडमध्ये वाजवू लागले, आणि वाचणाऱ्यांचं बोट व कानवाल्यांचा ब्लूज एकत्र आले. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पियानोला हात लावला नाही.

रॅगटाइम त्याच सुमारास पियानोवर रुजलं होतं. स्कॉट जॉप्लिन यांचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ साली छापला गेला. डावा हात घड्याळासारखा, उजवा त्याच्या आडवा पडणारा. पियानो शिकणाऱ्याने त्याचं निदान पहिलं पान बसवावं, हात वेगळे होतात. सोलो सुचवण्यासाठी मात्र त्याचा उपयोग नाही, ते लिहून ठेवलेलं संगीत आहे.

जॅझच्या इतिहासात बडी बोल्डन हे नाव सगळीकडे पहिलं येतं. त्यांच्या कॉर्नेटचा आवाज दूरवर जायचा असं ऐकणारे सांगत. १९०७ साली त्यांना मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९३१ साली ते तिथेच गेले. त्यांची एकही रेकॉर्ड आज उपलब्ध नाही. पहिली जॅझ रेकॉर्ड म्हणून जी धरतात ती न्यू ऑर्लीन्सच्याच पाच गोऱ्या तरुणांच्या बँडची, न्यूयॉर्कमध्ये २६ फेब्रुवारी १९१७ रोजी झालेली. तिच्या एका बाजूला क्लॅरिनेट कोंबड्यासारखं आरवतं आणि कॉर्नेट घोड्यासारखं खिंकाळतं. ती ऐकावी, पण ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांना ध्वनिमुद्रणाची दारं तेव्हा बहुतेक बंदच होती, हे ध्यानात ठेवूनच.

म्हणून माझा सल्ला असा की कान १९२३ पासून लावा. कॉर्नेटवादक जो किंवा ‘किंग’ ऑलिव्हर यांचा बँड तोवर शिकागोत गेला होता, दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय त्या काळात उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते. १९२२ साली ऑलिव्हर यांनी तरुण कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँगना बोलावून घेतलं आणि एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी बँडने रेकॉर्ड केल्या. मायक्रोफोन नव्हता, एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं. आर्मस्ट्राँग यांचा आवाज इतका भरदार की त्यांना मागे उभं करावं लागलं. सुई उडू नये म्हणून ढोलवादक बेबी डॉड्स यांनी मोठा ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळे वाजवले. स्टुडिओशेजारी रेल्वेचा रूळ होता, गाडी आली की थांबायचं. आवाज खरखरीत आहे, त्याला कंटाळू नका. ‘डिपरमाउथ ब्लूज’ दहा वेळा ऐका आणि दर वेळी एकच वाद्य धरा. कॉर्नेट चाल सांगतं, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढतं, ट्रॉम्बोन खालून सूर जोडत नेतं, आणि तिघं एकाच वेळी बोलत असूनही कुणी कुणाच्या पायात येत नाही. मग ऑलिव्हर यांचा तीन कोरसांचा सोलो आधी गळ्याने गा. पूर्ण गाता येईपर्यंत वाद्यावर शोधू नका. मला सात आठवडे लागले. त्या छत्तीस बारांनी मला जे दिलं ते नंतरच्या कुठल्याच पुस्तकाने दिलं नाही.

१९२३ च्या पुढची पाच वर्षं ऐकताना आर्मस्ट्राँग यांच्या मागे जा. त्यांच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडच्या रेकॉर्ड १९२५ ते १९२८ मधल्या. सगळ्यांनी मिळून विणण्याकडून एकट्याने कथा सांगण्याकडे जॅझ कसा वळला ते त्यात क्रमाने ऐकू येतं. ‘वेस्ट एंड ब्लूज’, २८ जून १९२८. सुरुवातीला ट्रम्पेट एकटाच, कुणाचीही साथ नाही, आणि शेवटच्या कोरसमध्ये एकच वरचा सूर जवळजवळ चार बार धरून ठेवलेला. ही रचना त्यांच्या गुरूंची, ऑलिव्हर यांची. ऑलिव्हर १९३८ साली सव्हाना गावी गरिबीत गेले. मी ती रेकॉर्ड लावतो तेव्हा दोघंही मनात असतात.

आपल्याकडचा धागा सरांनी शेवटी उलगडला. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत, म्हणून मुंबईच्या हॉटेलांतले आणि पुढे सिनेमाचे वाद्यवृंद गोवेकरांनी भरलेले असत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करत, आणि ‘अलबेला’ सिनेमाच्या गाण्यांत ते ऐकू येतं. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताज हॉटेलात आला आणि काही काळाने पियानोवादक टेडी वेदरफर्डही मुंबईत वाजवू लागले. हे तेच वेदरफर्ड, ज्यांनी मे १९२६ मध्ये शिकागोत एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर रेकॉर्ड केली होती. १९४५ साली कोलकात्यात कॉलऱ्याने ते वारले.

ती १९२६ ची रेकॉर्ड सध्या माझ्या सरावात आहे. लय फार वेगवान आहे, म्हणून फोनवरच्या ॲपमध्ये निम्मा वेग करून ऐकतो. वाद्यवृंदाच्या गर्दीतून वेदरफर्ड यांचा डावा हात काही जागी स्पष्ट वर येतो. आतापर्यंत आठ बार लिहून झालेत.